दारातली चौकशी : पाहुण्यांच्या वाय-फायविषयी यजमानांस काही सूचना

काही वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, ७८ वर्षांच्या माझ्या वडिलांना घेऊन मी गुहागर तालुक्यातल्या एका लहानशा निवासात दोन रात्रींसाठी उतरलो होतो. दुपारी पोहोचताच तेथील व्यवस्थापकांनी नोंदवहीत आमची नावे, पत्ता, कोठून आलो, कोठे जाणार, हा सारा तपशील लिहून घेतला, आधार कार्डांच्या छायाप्रती काढून ठेवल्या आणि मोठ्या अगत्याने कोकमाचे सरबत पुढे केले. संध्याकाळी पाऊस वाढला, मोबाइलची रेंज नाहीशी झाली, आणि नेमका त्याच वेळी वडिलांना आपल्या साखरेच्या नोंदींचा कागद पुण्याच्या डॉक्टरांकडे पाठवायचा होता. निवासाचे वाय-फाय मात्र उत्तम चालू होते. ते जोडले की फोनवर एका लहानशा चौकटीत इंग्रजी पान उघडे, मोबाइल क्रमांक मागे, आणि संदेशाने पाठविलेले सहा अंक दोन मिनिटांत भरावेत अशी आज्ञा करी. संदेश यायचा तर रेंज हवी, आणि रेंज मिळायची ती अंगणापलीकडे, गडग्याच्या कोपऱ्यात उभे राहिल्यावर. मी छत्री घेऊन तेथे गेलो, अंक आले, परत ओसरीवर आलो तो फोनवरची ती चौकट मिटलेली आणि अंकांची मुदत संपलेली. तिसऱ्या खेपेनंतर, प्रयत्न फार झाल्यामुळे अर्धा तास थांबावे, असा हुकूम पडद्यावर उमटला. व्यवस्थापक भला माणूस होता. पण त्या पानात फेरफार करण्याचा अधिकार त्याच्यापाशी नव्हता. तेव्हा वडिलांनी मला विचारले, “अरे, आपली नोंद तर यांनी दुपारीच घेतली ना? मग पुन्हा विचारतात कशाला?”

पाहुण्यांसाठी वाय-फाय ठेवणाऱ्या प्रत्येक यजमानाने, मग तो लॉजचा मालक असो, भक्तनिवासाचा विश्वस्त असो, सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह असो वा रुग्णालयाच्या प्रतीक्षालयाची व्यवस्था पाहणारा अधिकारी असो, हा प्रश्न आपल्या प्रवेशपानासमोर उभे राहून स्वतःस विचारावा, एवढ्यासाठीच हा लेख लिहीत आहे. वाय-फाय देणे हे आज पाणी देण्यासारखेच आतिथ्याचे अंग झाले आहे, आणि ज्या पाहुण्याला आपण दिवसा अगत्याने आत घेतले त्यालाच रात्री पडद्यावरच्या पानाने तिऱ्हाईतासारखे दारात अडविले, तर तो आपल्याच आतिथ्याचा भंग होय.

ही चौकशी मुळात आली कोठून, ते आधी समजून घेतले पाहिजे. कारण पुष्कळ यजमान तिला यंत्राचा स्वभाव समजतात आणि पुष्कळ तिला सरकारी सक्ती समजून तिच्याविषयी विचार करणेच सोडून देतात. २००८ साली अहमदाबाद आणि दिल्ली येथील बॉम्बस्फोटांच्या संदर्भातले ई-मेल मुंबई व नवी मुंबई परिसरातल्या, कोणालाही वापरता येतील अशा उघड्या वाय-फाय जोडण्यांवरून पाठविले गेल्याचे तपासात निष्पन्न झाले, आणि त्यानंतर २००९ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्या प्रत्येक इसमाची ओळख राहिली पाहिजे असा आदेश इंटरनेट पुरविणाऱ्या कंपन्यांना दिला. त्या आदेशात ओळख ठेवण्याचे दोन मार्ग होते : छायाचित्र असलेल्या ओळखपत्राची प्रत जपून ठेवणे, किंवा मोबाइलवर संदेशाने प्रवेशाचे अंक पाठवून तो क्रमांक हीच ओळख मानणे. रेल्वे स्थानकासारख्या ठिकाणी, जेथे क्षणोक्षणी नवा माणूस येतो आणि त्याची कागदपत्रे पाहणे अशक्य असते, तेथे दुसरा मार्गच योग्य होता. २०१६ च्या जानेवारीत मुंबई सेंट्रल स्थानकावर रेल्वेची रेलटेल कंपनी आणि गूगल यांनी मोफत वाय-फाय सुरू केले तेव्हा लक्षावधी प्रवाशांच्या अंगवळणी पडली ती हीच रीत. पण स्थानकासाठी योग्य असलेली रीत लॉजवाल्यांनी जशीच्या तशी उचलली. लॉजमध्ये उतरणाऱ्याचे ओळखपत्र तर काउंटरवर आधीच पाहिलेले असते. परदेशी पाहुणा असेल तर त्याची माहितीही २४ तासांच्या आत सरकारला कळवावी लागते. म्हणजे पहिला मार्ग तेथे पूर्वीच पुरा झालेला असतो, आणि पाहुण्याला पावसात उभे करणारा दुसरा मार्ग केवळ राउटर बसविणाऱ्याच्या सोयीखातर त्याच्यावर लादलेला असतो. आपल्या इंटरनेट कंपनीशी झालेल्या करारात आणि स्थानिक पोलीस ठाण्याच्या सूचनांत काय म्हटले आहे ते मात्र एकदा लेखी विचारून घ्यावे, आणि ते उत्तर दप्तरी ठेवावे.

यावरून माझी पहिली आणि मुख्य सूचना निघते : दप्तरात जे आहे ते दारात पुन्हा विचारू नये. चार-सहा खोल्यांचे घरगुती निवास असेल तर प्रवेशपानाची गरजच नाही. पाहुण्यांसाठी राउटरवर एक वेगळे जाळे करावे, त्याला साधा पासवर्ड द्यावा, आणि तो खोलीतल्या छापील कार्डावर लिहून ठेवावा. एवढ्याने काम होते. खोल्या वीस-पंचवीस झाल्या, माणसांची ये-जा वाढली, की प्रत्येक खोलीला किल्लीबरोबर एक चिठ्ठी द्यावी. तिच्यावर आठ-दहा अंकांचा एक संकेत असावा, तो नोंदवहीतल्या त्या खोलीच्या ओळीशी जोडलेला असावा, आणि पाहुण्याने खोली सोडण्याच्या वेळी तो आपोआप रद्द व्हावा. पाहुण्यांच्या जाळ्याची सोय असलेल्या बहुतेक व्यावसायिक राउटरांत अशा चिठ्ठ्या छापण्याची तजवीज असते. बसविणाऱ्याला विचारले तर तो अर्ध्या तासात ती करून देतो. कोण, केव्हा, कोणत्या संकेताने आत आला याची नोंद यातही राहते, आणि पाहुण्याला स्वतःचा क्रमांक पुन्हा सांगावा लागत नाही. ज्याची स्वतःची नोंदवही नाही अशा चहाच्या टपरीवाल्याने किंवा किराणा दुकानदाराने गिऱ्हाइकांना वाय-फाय द्यायचे मनात आणले, तर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी या योजनेचा विचार करावा. तीत दुकानदाराला परवाना किंवा नोंदणी शुल्क लागत नाही, आणि वापरणाऱ्याची ओळख पटविण्याचे काम योजनेतल्या नोंदणीकृत ॲपकडे असते.

प्रवेशपान ठेवायचेच ठरले, तर ते फोनवर उमटते कसे हे यजमानाला थोडे तरी ठाऊक असावे. कारण बहुतेक तक्रारींचे मूळ येथे असते, आणि हे ठाऊक नसलेला यजमान, “तुमच्याच फोनात काहीतरी बिघाड दिसतो,” असे सांगून पाहुण्याची बोळवण करतो. फोन नव्या जाळ्याला जोडला गेला की तो गुपचूप एका ठरलेल्या पत्त्यावर चौकशी करून पाहतो. ॲपलचा फोन ॲपलच्या पत्त्यावर जातो आणि तेथून यशस्वी झाल्याचा एक शब्द येण्याची वाट पाहतो. अँड्रॉइडचा फोन गूगलच्या पत्त्यावर जातो आणि २०४ या क्रमांकाचे कोरे उत्तर मिळण्याची अपेक्षा करतो. अपेक्षित उत्तराऐवजी आपल्या राउटरने मध्येच आपले पान पुढे केले, की फोन ओळखतो की येथे दारात कोणी उभे आहे, आणि ती लहानशी चौकट उघडतो किंवा वर सूचना दाखवितो. आता राउटर बसविणाऱ्याने हे पत्तेच प्रवेशापूर्वी खुल्या ठेवलेल्या पत्त्यांच्या यादीत घातले, तर फोनला वाटते सारे आलबेल आहे. चौकट उघडतच नाही, आणि पाहुणा जोडलेल्या पण निर्जीव वाय-फायकडे पाहत बसतो. उलट कुलूपबंद, म्हणजे एचटीटीपीएसच्या पत्त्यांच्या आड येऊन तेथे आपले पान घुसडण्याचा प्रयत्न केला, तर ब्राउझर धोक्याचा लाल इशारा देतो, आणि तसे त्याने द्यावे हेच योग्य आहे. दोन्ही चुका मी पाहिल्या आहेत. यावरचा नवा आणि स्वच्छ उपाय २०२० साली इंटरनेटचे नियम ठरविणाऱ्या आयईटीएफ या संस्थेने आरएफसी ८९१० मध्ये सांगून ठेवला आहे : फोनला आयपी पत्ता देतानाच राउटरने, आमच्या प्रवेशपानाची माहिती अमुक ठिकाणी मिळेल, असे ११४ क्रमांकाच्या पर्यायात स्वच्छ कळवायचे. अँड्रॉइड ११ आणि आयओएस १४ पासूनचे फोन हे समजतात. बसविणाऱ्याला हा क्रमांक सांगून विचारावे. त्याला ठाऊक नसेल तर तो शोधील.

ती चौकट म्हणजे पूर्ण ब्राउझर नव्हे, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तिला जुन्या ओळखी आठवत नाहीत, आणि अनेक फोनांत संदेश पाहायला दुसरीकडे गेले की ती मिटून जाते. माझ्या वडिलांच्या बाबतीत झाले ते हेच. त्यातून, पाहुणा आत येईपर्यंत त्याला बाहेरचे इंटरनेट नसते, म्हणून पानावरचे जे जे काही बाहेरून आणावे लागते ते ते तेथे येणारच नाही. मालकाच्या हौसेखातर घातलेले समुद्राचे मोठे छायाचित्र, बाहेरच्या पत्त्यावरून मागविलेला नक्षीदार देवनागरी टंक, फेसबुकने आत या असे सांगणारे बटण, हे सारे त्या क्षणी ओझे असते, आणि टंक न आल्यामुळे कधी कधी मजकूरच दिसत नाही. अँड्रॉइड आणि ॲपल या दोहोंच्या फोनांत वाचनीय देवनागरी टंक आधीपासून असतो, तोच वापरावा. पान राउटरवरच किंवा जवळच्या यंत्रावर ठेवावे, ते हलके असावे, आणि त्यात एकच बटण असावे.

काही ठिकाणी संदेशाने अंक पाठविण्यावाचून गत्यंतर नसते. रुग्णालयाचे प्रतीक्षालय हे त्याचे ठळक उदाहरण; तेथे येणाऱ्या नातेवाइकांची नोंद कोणी ठेवीत नाही. तेथे तरी हे काम सहृदयतेने करावे. अंकांची मुदत दोन मिनिटांची नको, दहा मिनिटांची असावी. संदेश उशिरा आला म्हणून माणसाने पुन्हा मागणी केली, तर नवे अंक न पाठविता तेच पुन्हा पाठवावेत. कारण दोन संदेश उलटसुलट क्रमाने आले की कोणते खरे हे त्याला कळत नाही, आणि चिंतेत असलेल्या माणसाला तर मुळीच कळत नाही. क्रमांकाच्या आधी शून्य लिहिले, अधिक ९१ लिहिले, मध्ये जागा सोडली, तरी ते पानाने मुकाट्याने समजून घ्यावे. आणि येथे मराठी यजमानाने एक गोष्ट आग्रहाने मागून घ्यावी : ज्याच्या फोनवर मराठी कळफलक आहे तो मनुष्य ९, ८, २ असे देवनागरी अंक लिहिण्याचा संभव असतो, आणि पुष्कळ पाने त्या अंकांना अंक मानीतच नाहीत. हे दुरुस्त करायला पान बनविणाऱ्याला फार तर दहा मिनिटे लागतात. आपल्याच भाषेत स्वतःचा क्रमांक लिहिला म्हणून ‘अवैध’ असा शिक्का बसावा, यासारखे मन दुखविणारे दुसरे काही नाही. असे संदेश पाठवायला पैसे पडतात, आणि दूरसंचार नियामक संस्था ट्राय हिच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रेषकाचे नाव व मजकुराचा नमुना आधी नोंदवून ठेवावा लागतो, हेही जाणून असावे. रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरे मावतात, देवनागरीत ७० च. म्हणून मराठी मजकूर आखूड लिहावा, पण मराठीच लिहावा.

आणि रेंज नसलेल्याचे, परदेशी सिम असलेल्याचे, किंवा ज्याच्या फोनात सिमच नाही अशाचे काय? त्याच्यासाठी त्याच पानावर, त्याच आकाराच्या अक्षरांत, ‘संदेश येत नाही? काउंटरवर चिठ्ठी मिळेल,’ ही ओळ असलीच पाहिजे, आणि काउंटरवरच्या माणसाला ती चिठ्ठी देण्याचा अधिकार दिलेला असला पाहिजे. अधिकार न देता नुसती ओळ छापली, तर गुहागरकडच्या त्या व्यवस्थापकासारखी अवस्था होते : चांगुलपणा आहे, चहा आहे, पण उपाय नाही. मला विचाराल तर सबंध व्यवस्थेत सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे, आणि तिला तांत्रिक ज्ञान काडीचे लागत नाही. कर्मचाऱ्याला एकदा शिकवावे, चिठ्ठ्यांचा गठ्ठा त्याच्या खणात ठेवावा, आणि रात्रपाळीच्या माणसालाही तो खण ठाऊक करून द्यावा.

भाषेविषयी थोडे अधिक बोलले पाहिजे. पानाचा पहिला मजकूर मराठीत असावा, त्याखाली हिंदी व इंग्रजीच्या दोन खुणा असाव्यात, आणि फोन ज्या भाषेत ठेवलेला असेल त्या भाषेत पान उघडले तर फारच चांगले. पण मराठीत म्हणजे कोणत्या मराठीत? ‘प्रमाणीकरण अयशस्वी’, ‘सत्र कालबाह्य झाले’, ‘कृपया वैध परिचय प्रविष्ट करा’ असली वाक्ये मी पाहिली आहेत. इंग्रजी शब्दांना मराठी अंगरखे चढविले म्हणजे ती मराठी होते असे नाही. संस्कृतोद्भव शब्दांवर माझे प्रेम आहे, परंतु दारात उभ्या असलेल्या, हातात पिशवी आणि काखेत मूल असलेल्या बाईशी आपण ज्या भाषेत बोलू, ती भाषा त्या पानाने बोलावी. ‘क्रमांकात एक अंक कमी आहे.’ ‘हे अंक जुने झाले, नवे मागवा.’ ‘वाय-फाय जोडले. उद्या सकाळी ११ वाजेपर्यंत चालेल.’ ‘सबमिट’ किंवा ‘प्रस्तुत करा’ याऐवजी बटणावर ‘वाय-फाय सुरू करा’ असे लिहावे; काय होणार ते त्यातच कळते. चूक झाली तर चूक कोणती, आणि आता काय करायचे, या दोन गोष्टी एका वाक्यात सांगाव्यात, आणि भरलेला मजकूर पुसून टाकू नये. पुसला गेलेला क्रमांक पुन्हा लिहिताना म्हाताऱ्या बोटांना किती कष्ट पडतात हे मी जवळून पाहिले आहे. फिकट करड्या अक्षरांची आजची आवडही येथे घातक आहे. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडातला फरक निदान साडेचारास एक इतका असावा, असा वेबचे जागतिक दंडक ठरविणाऱ्या संस्थेचा निकष आहे, आणि मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना तोही कमीच पडतो. वाकड्यातिकड्या अक्षरांचे कोडे घालून मनुष्यत्व सिद्ध करायला लावणे तर पाहुण्याच्या बाबतीत सर्वथा वर्ज्य समजावे.

जाळ्याच्या नावाचा विचार कोणी करीत नाही, पण पाहुण्याची पहिली गाठ नावाशी पडते. कंपनीने राउटरच्या तळाला छापलेले अंकाक्षरांचे कडबोळे तसेच ठेवू नये. आपल्या निवासाचे नाव आणि पुढे ‘अतिथी’ एवढे पुरे. नाव देवनागरीत ठेवता येते काय, असे अनेक जण विचारतात. येते, मात्र नावाला ३२ बाइटांची मर्यादा आहे, आणि देवनागरीतले प्रत्येक अक्षर, काना, मात्रा, वेलांटी आणि पाय मोडल्याची खूण, हे सारे वेगवेगळे मोजले जाऊन प्रत्येकाला तीन बाइट लागतात. म्हणजे ‘सागर अतिथी’ २८ बाइटांत बसते, ‘समुद्रकिनारा’ हा एकटा शब्द मात्र ३६ बाइटांचा होऊन बाहेर पडतो. काही जुन्या यंत्रांवर देवनागरी नावाच्या जागी चौकोन दिसतात, म्हणून कार्डावर ते नाव कसे दिसेल याची कल्पना द्यावी, किंवा रोमन नाव ठेवून कार्डावर त्याचा मराठी उच्चार लिहावा. पासवर्डाच्या बाबतीत ही मुभा नाही : तो ८ ते ६३ रोमन अक्षरांचा, अंकांचा किंवा चिन्हांचाच लागतो. शून्य आणि ओ, एक आणि एल, यांची गल्लत होईल अशी अक्षरे टाळावीत. ज्यांना रोमन लिपी अवघड जाते अशा पाहुण्यांचा राबता असेल तर चार-चारच्या गटांत छापलेले बारा अंक उत्तम. शेजारी क्यूआर कोड छापावा. २०१७ च्या आयओएस ११ पासून आयफोनचा कॅमेरा आणि बहुतेक नवे अँड्रॉइड फोन तो वाचून थेट जोडणी करून देतात. कार्ड काचेखाली ठेवू नये, तिच्यावरच्या झगमगाटाने कॅमेरा चकतो. आणि ते प्लगजवळ, डोळ्यांच्या उंचीवर लावावे, कारण माणूस फोन चार्जिंगला लावतो तेथेच त्याला वाय-फायची आठवण होते.

मुदतीविषयी माझे मत स्पष्ट आहे. ज्याने तीन दिवसांचे भाडे दिले त्याला दर दोन तासांनी पुन्हा दारात बोलावणे अन्यायाचे आहे. प्रवेशाची मुदत खोलीच्या मुदतीइतकीच असावी, आणि एका चिठ्ठीवर निदान तीन उपकरणे चालावीत, कारण नवरा-बायकोचे दोन फोन आणि एक लॅपटॉप हा आजचा सामान्य संसार आहे. उपकरणाच्या यांत्रिक (मॅक) पत्त्यावर ओळख ठेवणाऱ्यांनी हे जाणावे की २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता लपवून प्रत्येक जाळ्याला वेगळा, बनावट पत्ता सांगतात. त्यात फोनचा दोष नाही, ते त्याच्या धन्याच्या खासगीपणाचे रक्षण आहे, म्हणून तो पर्याय बंद करा असे पाहुण्याला सांगू नये. ओळख चिठ्ठीवर ठेवावी. प्रतीक्षालयासारख्या वर्दळीच्या जागी आणखी एक अदृश्य अडचण येते. साधा राउटर एका वेळी सुमारे अडीचशे उपकरणांनाच आयपी पत्ता देऊ शकतो, आणि दिलेला पत्ता अनेकदा पूर्ण दिवसभर राखून ठेवतो. सकाळी येऊन गेलेल्या माणसांचे पत्ते त्यांच्या नावे अडकून पडतात, आणि दुपारी आलेल्याचा फोन नुसता फिरत राहतो. पत्त्याची ही मुदत तेथे एक-दोन तासांवर आणावी. ‘दुपारनंतर वाय-फाय चालत नाही’ ही तक्रार तुमच्या कानी येत असेल, तर प्रथम येथे पाहावे.

सुरक्षिततेचे दोनच शब्द. हिशेबाचा संगणक आणि कॅमेरे पाहुण्यांच्या जाळ्यावर कधीही असू नयेत, आणि एका पाहुण्याचे उपकरण दुसऱ्याला दिसू नये अशी ‘आयसोलेशन’ची खूण राउटरमध्ये चालू करून घ्यावी. जाळ्याचे नेमके नाव काउंटरच्या फलकावर लिहावे, म्हणजे कोणी मिळतेजुळते नाव घेऊन खोटे दार उघडले तर पाहुण्याला ओळखता येईल.

माहितीच्या प्रश्नावर मात्र थोडे थांबले पाहिजे. अनेक प्रवेशपाने नाव, ई-मेल, जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस असे सारे विचारतात, आणि पुढे महिनोन्‌महिने सवलतींचे संदेश धाडत राहतात. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे तत्त्व असे आहे की संमती मोकळेपणी दिलेली, विशिष्ट हेतूपुरती आणि विनाअट असावी, त्या हेतूला जेवढी माहिती आवश्यक तेवढीच घ्यावी, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी. मराठी त्या अनुसूचीत आहे. वाय-फाय देण्यासाठी लग्नाचा वाढदिवस आवश्यक नाही. जाहिरातीचे संदेश पाठवायचे असतील तर त्यासाठी वेगळी चौकट असावी, ती आधीच खूण केलेली नसावी, आणि ती कोरी ठेवणाऱ्यालाही वाय-फाय तितक्याच तत्परतेने मिळावे. दहा पानांच्या अटींखाली ‘मला मान्य आहे’ असे लिहून घेण्यापेक्षा, ‘तुमचा क्रमांक फक्त या नोंदीसाठी ठेवतो, अमुक मुदतीनंतर काढून टाकतो,’ हे एक वाक्य लिहावे, आणि त्या मुदतीनंतर तो खरोखर काढून टाकावा. पाहुण्याने विश्वासाने दिलेला क्रमांक ही ठेव आहे, आणि ठेवीचा व्यापार करण्याचा अधिकार यजमानाला नाही.

आता परीक्षा. पान तयार झाले की ते आपल्या कार्यालयात, आपल्या नव्या फोनवर, भरपूर रेंजमध्ये पाहून पसंत करू नये. एक जुना, लहान पडद्याचा अँड्रॉइड, एक आयफोन आणि एक लॅपटॉप घ्यावा. फोन विमान-अवस्थेत ठेवून फक्त वाय-फाय चालू करावे, म्हणजे रेंज नसलेल्या पाहुण्याची अवस्था तंतोतंत अनुभवास येईल. फोनमधली अक्षरे जास्तीत जास्त मोठी करून बटण पडद्याबाहेर जाते का ते पाहावे. डोळे मिटून, पडदा वाचून दाखविणारी टॉकबॅकची सोय चालू करून, केवळ आवाजावर आत जाता येते का ते पाहावे. मग घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या कोणा वडीलधाऱ्यांच्या हातात फोन द्यावा, शेजारी बसावे, आणि काही झाले तरी तोंड उघडू नये, ते जेथे थांबतील, कपाळाला आठी घालतील, किंवा “हे काय आता?” म्हणतील, ती जागा कागदावर टिपून घ्यावी. दुरुस्ती त्या जागांची करायची असते. वर्षातून दोनदा, आणि राउटर बदलला की प्रत्येक वेळी, ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

त्या निवासातून निघताना आम्ही नोंदवहीच्या शेवटच्या पानावर झाला प्रकार लिहून ठेवला होता. पुढच्या वर्षी आंब्याच्या दिवसांत पुन्हा तेथे गेलो, तर खोलीच्या किल्लीला दोऱ्याने बांधलेली एक चिठ्ठी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत जाळ्याचे नाव, त्याखाली आठ अंक, आणि ‘अडचण आल्यास रात्रीही उठवा’ एवढे मराठीत लिहिलेले. वडिलांनी चष्मा पुसला, अंक स्वतः लिहिले आणि त्या रात्री साखरेचा कागद डॉक्टरांना स्वतःच पाठविला. आपल्या निवासात, वाचनालयात वा प्रतीक्षालयात उद्या येणाऱ्या पाहुण्यासाठी अशी एक चिठ्ठी आपण आजच लिहून ठेवावी, अशी माझी विनंती आहे.